शेड नंबर तीन : दरवाजा तत्त्वतः बंद

१ जानेवारी १९७९, सोमवार. सायं. ७.३०
आजपासून रोजनिशी. मागच्या काही वर्षांच्या रोजनिश्या फेब्रुवारीत संपल्या, कारण लिहिण्यासारखे काही घडत नव्हते. यंदा घडणार आहे.

शेड नंबर तीनमध्ये, म्हणजे आमच्या पेंट शॉपमध्ये, सकाळी सातला रंगवलेली पत्र्याची एकोणीस पॅनेल्स दुपारी पॅकिंगला गेली आणि तिथे कागदाला चिकटली. थंडीने रंग वाळलाच नव्हता. एका पॅनेलवर तर अख्खा पंजा उमटला होता. मालक अण्णासाहेब स्वतः आले. हात कुणाचा, असे त्यांनी विचारल्यावर सगळ्यांनी आपापल्या हाताकडे पाहिले. मीही पाहिले.

मग मीटिंग. अण्णासाहेब म्हणाले, दर हिवाळ्याला हे होते, या थंडीचा कोणीतरी कायमचा बंदोबस्त करा. त्याच मीटिंगमध्ये कळले की वर्क्स इंजिनिअर पानसे येत्या ३१ डिसेंबरला रिटायर होतात आणि त्यांची जागा आतूनच भरायची आहे. मी उभा राहिलो आणि थंडी माझ्याकडे द्या म्हणालो. अण्णासाहेब म्हणाले, बघू दौलतराव.

मी बावन्न वर्षांचा. सोळा वर्षे असिस्टंट इंजिनिअर, युटिलिटीज. म्हणजे कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप, पंखे आणि संडासचे नळ. ही खुर्ची मला हवी आहे आणि हे इथे लिहायला हरकत नाही. १९७२ आणि १९७५ सालीही अण्णासाहेब बघू म्हणाले होते, पण आजच्या बघूचा सूर वेगळा होता. घरी बायकोने, म्हणजे कुसुमने, विचारले, वेगळा म्हणजे कसा. सूर समजावून सांगता येत नाही.

३ जानेवारी, बुधवार
पहाटे उठून सव्वासहालाच कंपनीत. थर्मामीटरने शेडचे तापमान स्वतः घेतले. अकरा डिग्री. वहीत नोंद केली, खाली सही केली.

पूर्वेचा दरवाजा सताड उघडा होता. सोळा फूट रुंद. वारा सरळ आत. वॉचमन कोंडीरामला सांगितले, लाव. तो म्हणाला, ते दार लागत न्हाई सायेब. मला वाटले बिजागरी अडकली असेल, नळवाल्याला पाठवतो म्हणालो. तर बिजागरी चांगली आहे. समोर अंगणात म्हसोबा आहे, त्याच्या तोंडावर दार लावायचे नाही. चिखलीच्या लोकांची जमीन कंपनीने घेतली तेव्हापासूनचे हे ठरलेले आहे, आणि पहिला तुकडा कोंडीरामच्या वडिलांचा होता.

ठीक आहे. ही तांत्रिक अडचण नाही, मानवी आहे. मानवी अडचणी शेवटी सोडवायच्या असतात.

पेंट शॉपचा चार्जहँड इम्तियाज मुलाणी भेटला. बार्शीकडचा, डिप्लोमा झालेला, तिशीच्या आतला. त्याच्या हाताखाली चौदा माणसे. म्हणाला, साहेब, सकाळी पत्रा घासायचं काम करू आणि रंग बाराच्या पुढं मारू. दुपारी हे छताचे सिमेंटचे पत्रे इतके तापतात की आत उभं राहवत नाही. मी त्याला ११ मार्च १९७१ चे सर्क्युलर दाखवले. रंगकाम सकाळी सात ते अकरा, घासकाम दुपारी. खाली सही कोणाची आहे ती वाच म्हणालो. त्याने वाचली. दौलतराव शितोळे.

मुलगा गुणी आहे, पण वेळ बदलल्याने थंडी जात नसते.

११ जानेवारी, गुरुवार. सुट्टी
विजेच्या टंचाईमुळे आमच्या भागात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. सगळा दिवस कॅटलॉगमध्ये. विषय : मोठ्या औद्योगिक इमारती कशा तापवाव्यात. वीज बाद, कारण ती असतेच असे नाही. कोळशाची भट्टी बाद, काजळी रंगावर बसेल. फर्नेस ऑइल बाद, वास. राहिला गॅस. स्वच्छ, आधुनिक, कार्यक्षमता शेकडा ब्याण्णव.

गॅसच्याही दोन तऱ्हा. एकात छताला लांब नळ्या टांगतात, त्या तापतात आणि त्यांची धग खाली वस्तूवर पडते. हवा तापत नाही, वस्तू तापते. कॅटलॉगमध्ये लिहिले आहे की उंच आणि उघड्या शेडला हेच बरे. दुसऱ्यात कपाटाएवढे यंत्र आणि पुढे मोठा पंखा, तो गरम हवेचा झोत सोडतो. मी दुसरे निवडले. नळ्या दिसायला ट्यूबलाइटसारख्या आहेत. ट्यूबलाइट लावल्या म्हणून कोणी कोणाला वर्क्स इंजिनिअर करत नाही.

कुसुम म्हणाली, आपण सिलिंडरसाठी नंबर लावून चार वर्षं झाली. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी औद्योगिक गॅसबद्दल बोलतो आहे.

२८ जानेवारी, रविवार
उष्णतेचे गणित पूर्ण. शेड दोनशे फूट लांब, ऐंशी रुंद, अठ्ठावीस उंच. चार लाख अठ्ठेचाळीस हजार घनफूट हवा. एवढी हवा माझ्या ताब्यात आहे याची मला सोळा वर्षांत कल्पना नव्हती.

एका रकान्यात अडकलो. तासाला हवा किती वेळा बदलते? दारे बंद असल्यास एकदा. वारंवार उघडत असल्यास तीनदा. कायम उघडी असल्यास आकडा नाही, फक्त लिहिले आहे, कृपया आमच्याशी संपर्क साधावा. मी एकदा धरले. शेजारी लिहिले : दरवाजा तत्त्वतः बंद.

२० फेब्रुवारी, मंगळवार
मुंबईहून हीटर कंपनीचे वागळे आले. टाय. शेड पाहून खूश झाले, माझी आकडेमोड पाहून जास्त खूश. नेमके त्या वेळी पूर्वेच्या दारातून ट्रक आत येत होता. वागळ्यांनी विचारले, हे बंद असतं ना? मी म्हणालो, तत्त्वतः. त्यांनी लिहून घेतले, होय.

कोंडीराम जवळच उभा होता. वागळे गेल्यावर म्हणाला, सायेब, त्या पाव्हण्यांना खरं का न्हाई सांगितलं? मी त्याला थंडी, हवेची घनता, दाब वगैरे थोडक्यात समजावले. तो व्हय म्हणाला.

१८ एप्रिल, बुधवार
गॅसच्या कोट्यासाठी पुण्याच्या ऑफिसात. सकाळी नऊपासून रांग. बाहेर एकेचाळीस डिग्री. माझा अर्ज : इमारत गरम करण्यासाठी गॅस मिळणेबाबत.

टेबलामागच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. मग खिडकीबाहेर पाहिले. मग विचारले, पुण्यात? मी हो म्हणालो. ते म्हणाले, इमारत? मी हो म्हणालो. ते माझ्याच अर्जाने वारा घेऊ लागले.

फॉर्मवर तीनच वर्ग होते. घरगुती, रुग्णालय, उपाहारगृह. इमारत गरम करणे असा वर्गच नाही. मी उपाहारगृहावर खूण केली. आमच्याकडे कँटीन आहे, त्यामुळे हे खोटे नाही. गॅस एकदा आवारात आला की कुठल्या नळीतून कुठे जायचे हे युटिलिटीज ठरवते, आणि युटिलिटीज म्हणजे मी.

परतताना पिंपरी कॅम्पात उसाचा रस. दोन ग्लास.

१० मे, गुरुवार. सुट्टी
मानवी अडचण सोडवण्यासाठी चिखलीला. इम्तियाजला बरोबर घेतले, कारण गावात त्याला सगळे ओळखतात. गेल्या उरुसात म्हसोबाच्या ओट्याला रंग त्यानेच मारून दिला होता म्हणे. मला हे कोणी सांगितले नव्हते.

कोंडीरामच्या आई यशोदाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. मी विज्ञान आणि देव यांत विरोध नाही, इथपासून सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, तुमी कुणाच्या घरी गेला, आन् त्येनं तोंडावर दार लावलं, तर परत जाताल का? मी म्हणालो, हे घर नाही, कारखाना आहे. त्या म्हणाल्या, आदी त्यो व्हता, मग तुमचा कारखाना आला. आमच्या मालकांनी जमीन दिली तवा अण्णासायबांनी त्येच्यावर हात ठेवून सबुद दिलाय.

हे नवीन होते. शब्द खुद्द अण्णासाहेबांनी दिला आहे. याचा अर्थ त्यांना दाराबद्दल विचारले तर ते नाही म्हणतील. म्हणून विचारायचे नाही. एकदा शेडमध्ये पंचवीस डिग्रीची ऊब अनुभवली की ते स्वतःच म्हणतील, दौलतराव, लावून टाका ते दार.

तडजोड म्हणून जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पडद्याची कल्पना मांडली. कोंडीराम म्हणाला, त्येच्यातून देवाला दिसंल का? दिसेल म्हणालो. तो म्हणाला, धुरळा बसल्यावर? इम्तियाज गालात हसला. येताना एसटीत त्याने पुन्हा दुपारी रंग मारण्याचा विषय काढला. मी झोपल्याचे दाखवले.

२४ जुलै, मंगळवार
हीटर आला. अंगावर पाऊस घेत आला. खोका इतका मोठा की फक्त पूर्वेच्या दारातून आत जाऊ शकला. त्या दाराचा एवढा उपयोग झाला हे मान्य करतो.

बसवायचा कुठे? सिलिंडरची खोली नियमाप्रमाणे आगीपासून लांब हवी, ती जागा फक्त पश्चिमेला मिळाली. म्हणून हीटर पश्चिमेच्या भिंतीला, तोंड पूर्वेला. झोत शेडभर जाईल. इम्तियाजने झोताच्या रेषेवर एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, साहेब, हा तर सरळ म्हसोबावर जातो. मी म्हणालो, दोनशे फूट जाईपर्यंत वाटेत हवेत मिसळतो, कॅटलॉगमध्ये आकृती आहे. आकृतीत दोनशे फुटांवर भिंत दाखवली आहे.

पानसे आज मला म्हणाले, माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, आधीच सांगून ठेवतो. लोकांना कळू लागले आहे.

२ ऑक्टोबर, मंगळवार
दसरा झाला. खंडेनवमीला सगळ्या मशिनांबरोबर हीटरलाही झेंडूचा हार, कुंकू, पाच पानांचा विडा. अण्णासाहेबांनी नारळ फोडला आणि विचारले, पेटणार कधी? मी म्हणालो, थंडी पडू द्या. सगळे हसले. विनोद बरा जमला.

इम्तियाज एक कागद घेऊन आला. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून चार पॅनेल्स दुपारी रंगवून पाहण्याची परवानगी. सर्क्युलरला अपवाद म्हणून माझी सही हवी. अर्थ शून्य. पण तरुण माणसाला एकदम तोडून टाकणे वरिष्ठाला शोभत नाही. सही केली.

१४ नोव्हेंबर, बुधवार
थंडी नाही. सकाळी सहाला एकोणीस डिग्री. मागच्या वर्षी या सुमारास लोक स्वेटर घालून येत होते. आयुष्यात एक गोष्ट वेळेवर व्हावी असे मला वाटते. पानसे जायला सत्तेचाळीस दिवस राहिले. रोज पहाटे उठून हात खिडकीबाहेर काढून पाहतो. कुसुम म्हणाली, बाहेर नळाचं पाणी येतंय का बघा तेवढं.

२७ नोव्हेंबर, मंगळवार
गॅस आला. आठ सिलिंडर. आनंद दुपारपर्यंत टिकला. ट्रक थेट कँटीनला गेला, कारण कागदावर उपाहारगृह लिहिलेले होते. कँटीनच्या कस्तुराबाईंनी रॉकेलचे स्टोव्ह माळ्यावर टाकले, गॅसवर चहा चढवला आणि सगळ्या शिफ्टला सांगितले की शितोळेसाहेबांनी गॅस आणला. लोक येऊन हात जोडून गेले. युनियनच्या माणसाने जाहीर केले की कामगारांचा विचार करणारा अधिकारी आज दिसला.

मी कस्तुराबाईंना सांगितले की हे सिलिंडर मुळात शेडसाठी आहेत. त्या म्हणाल्या, साहेब, कागद दाखवा. कागद मीच भरला आहे. आता तह असा की ट्रायलच्या दिवशी आठही सिलिंडर मला, नंतर पुढचे बघू. बघू हा शब्द मला आवडेनासा झाला आहे.

चहा मात्र चांगला होता. घेतला.

९ डिसेंबर, रविवार
शेवटी पडली. सकाळी सहाला शेडमध्ये दहा डिग्री. वहीत दहाच्या खाली दोन रेघा मारल्या.

ट्रायल ठरली. मंगळवार, १८ डिसेंबर. अण्णासाहेब सातला येणार. दाराचा बेत : कोंडीराम सकाळी साडेपाचला म्हसोबाची पूजा करतो आणि मग गेटवर जातो. सहाला मी आतून दार लावून कडी घालणार. शेड गरम व्हायला पन्नास मिनिटे पुरतात. सातला अण्णासाहेब आत पाऊल ठेवतील आणि पंचवीस डिग्रीत उभे राहतील. देवाच्या तोंडावर दार फक्त एक तास. देव समजून घेईल. मी त्याच्याविरुद्ध नाही.

इम्तियाजच्या दुपारच्या पॅनेल्सचे काय झाले ते विचारायचे राहून गेले.

१८ डिसेंबर, मंगळवार. दुपारी २.१५, केबिनमध्ये
सविस्तर लिहितो. इतिहासाला उपयोगी पडेल.

६.०० : दार लावले. कडी घातली. बिजागऱ्यांनी सोळा वर्षांचा आवाज केला.

६.०५ : हीटर पेटवला. पहिल्या काडीला. ज्वाला निळी. पंख्याचा आवाज मोठा, शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. झोतात बावीस पॅनेल्स ओळीने उभी, ताजा करडा रंग.

६.२० : तेरा डिग्री. ६.३० : सोळा. ६.४० : अठरा. माणसांनी मफलर सोडले. एकाने स्वेटर काढला आणि मला दाखवून काढला. मी एकटा शेडच्या मध्यावर उभा होतो. आयुष्यात फार थोड्या वेळा मी इतका सुखी होतो. लग्नातही नव्हतो, तेव्हा पोट बिघडले होते.

६.४५ : ज्वाला बारीक झाली. सिलिंडरच्या खोलीत धावलो तर आठही सिलिंडरच्या अंगावर पांढरे बर्फ. गॅस भराभर ओढला की बाटली गारठते आणि गॅस उठत नाही, हे इम्तियाजला ठाऊक होते. बाटल्यांवर कोमट पाणी ओतायचे म्हणाला. पाणी आणायला कँटीनमध्ये माणूस पाठवला. तो परत आला. कस्तुराबाईंनी निरोप दिला होता, पाणी तापवू कशावर, सिलिंडर तुमच्याकडे आहेत.

पंखा मात्र चालू राहिला, तो विजेवर आहे. आता तो गार हवा सोडू लागला. वर छताच्या कैच्यांवर सोळा वर्षांची धूळ आणि कबुतरांची पिसे होती. ती सगळी उठली आणि बावीस ओल्या पॅनेल्सवर बसली.

७.०० : अण्णासाहेब दिसेनात. ७.०५, नाहीत. ७.१० ला इम्तियाज माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, साहेब, आज मंगळवार.

मंगळवारी अण्णासाहेब आधी म्हसोबाला नारळ फोडतात आणि मग समोरच्या दाराने शेडमध्ये येतात. सोळा वर्षांत चुकलेले नाही. मी सोळा वर्षे पाहतो आहे.

कडी काढली. बाहेर अण्णासाहेब उभे. हातात नारळाची कवड, अंगात साधा शर्ट, नाक लाल. दहा मिनिटे दार ठोठावत होते. पंख्यामुळे आत कोणाला ऐकू गेले नाही. बाजूचे दार होते, पण कोंडीराम त्यांना तिकडून आणायला तयार झाला नाही. मालक आडदारानं येत न्हाईत, म्हणाला. तोही बाजूला हात बांधून कुडकुडत उभा होता.

दार उघडल्याबरोबर शेडमधली होती नव्हती ती ऊब एका दमात बाहेर गेली. मी थर्मामीटर धरून मागे धावलो. शेडमध्ये बारा. म्हसोबाच्या ओट्यावर सतरा. अण्णासाहेब डोळे मिटून ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, इथं बरं वाटतंय. कोंडीराम म्हणाला, देव खूश हाय.

मी तिथे, बाहेरच्या वाऱ्यात, त्यांना आकडे समजावत अर्धा तास उभा होतो. त्यांनी एकदाच विचारले, दार कुणी लावलं? मी म्हणालो, तत्त्वतः ते उघडेच धरायला हवे होते. त्यांनी कवड माझ्या हातात दिली आणि गेले.

२० डिसेंबर, गुरुवार. सुट्टी
घसा बसला आहे. नाक गळते. तरी रिपोर्ट लिहिला, अकरा पाने. निष्कर्ष : ट्रायल शेकडा सत्तर यशस्वी. ६.०५ ते ६.४५ हा काळ पाहिला तर शेकडा शंभर. त्रुटी बाह्य : सिलिंडरचे हवामान, कबुतरे, वार. शिफारस : आठऐवजी चोवीस सिलिंडर, आणि पूर्वेच्या दारापुढे दुसरे दार.

कुसुमने वाचला. म्हणाली, छान लिहिलाय, अंगात ताप आहे तुमच्या.

२६ डिसेंबर, बुधवार
अण्णासाहेबांनी बोलावले. इम्तियाज तिथे आधीच होता, पण उभा. टेबलावर एक फाइल. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज दुपारी रंगवलेल्या पॅनेल्सची नोंद. सुरुवातीला चार, मग दहा, १९ तारखेपासून सगळी. दुपारी एकला शेडमध्ये अठ्ठावीस डिग्री, हीटर बंद, दार उघडे. एकही पॅनेल चिकटलेले नाही. शेवटच्या पानावर पॅकिंगवाल्यांची सही की दुपारच्या पॅनेल्सवर एकही कागद फुकट गेला नाही.

अण्णासाहेबांनी पहिला कागद वर काढला. परवानगी, आणि खाली माझी सही. म्हणाले, दौलतराव, ही सही तुमची? मी हो म्हणालो. म्हणाले, चांगलं केलंत.

चालत केबिनपर्यंत आलो तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. थंडीचा प्रश्न सुटला आहे. तो सोडवण्याची परवानगी मी दिली. म्हणजे प्रश्न मी सोडवला. हीटर हा त्या दिशेने जाणारा एक टप्पा होता. घरी येताना पेढे घेतले. कुसुमने डबा उघडला नाही, एकतीसला उघडू म्हणाली.

३१ डिसेंबर, सोमवार
चार वाजता बोर्डावर नोटीस लागली. एक जानेवारीपासून वर्क्स इंजिनिअर : श्री. इम्तियाज मुलाणी.

तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना माझ्यामागे माणसे उभी होती, म्हणून बाजूला झालो.

वाईट वाटले. फार वाईट वाटले. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, संडासात जाऊन पाच मिनिटे नळ सोडून उभा राहिलो. नळ मीच दुरुस्त केलेला, धार चांगली आहे.

सुटायच्या वेळी इम्तियाज केबिनमध्ये आला. बस म्हणेपर्यंत बसला नाही. म्हणाला, साहेब, मी नको म्हणालो होतो, शितोळेसाहेबांना द्या म्हणालो होतो. मी विचारले, मग अण्णासाहेब काय म्हणाले? तो मग म्हणाला, तुम्ही सही केली नसती तर माझं काहीच चाललं नसतं, मी तसं लिहूनही दिलंय. मी त्याचा हात हातात घेतला. रंगाने खरबरीत झालेला हात. अभिनंदन म्हणालो.

४ जानेवारी १९८०, शुक्रवार
थंडी वाजून ताप. एकशे तीन. डॉक्टर म्हणाले, गार वाऱ्यात उभं राहिल्यामुळे छाती भरली आहे, दुखणं अंगावर काढलंत. शेजारचा फिटर सकाळी कंपनीत जाणार होता, त्याच्याबरोबर रजेचा अर्ज पाठवायचा होता. प्रति, एवढे लिहून बराच वेळ थांबलो. मग लिहिले, मा. वर्क्स इंजिनिअर यांस. तीन दिवसांची रजा मिळावी ही विनंती. आपला विश्वासू.

संध्याकाळी अर्ज परत आला. तीनवर रेघ मारून सात केले होते. खाली बारीक, नीट अक्षरात : साहेब, बरे होईपर्यंत येऊ नका, कॉम्प्रेसरकडे मी बघतो. खाली सही.

कुसुमने काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. वाचून दाखवले. सोळा वर्षांत या कंपनीने मला मागितल्यापेक्षा जास्त दिलेली ही पहिलीच गोष्ट. ती म्हणाली, चांगला आहे हो मुलगा. मी हो म्हणालो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.